केळ्याला सासू नसते

जसोंडीच्या केळी भरायच्या शेडमध्ये त्या सकाळी घड बाहेर उन्हात होते आणि माणसं आत खच्चून भरली होती. मधोमध टेबल, टेबलावर आकड्यांची तबकडी आणि सुई असलेला डबा, आणि मागे गालिच्यावर पाय ठेवून बसलेले विद्युतनाथ महाराज.

"मायहो, हा भगत-बडव्याचा धंदा नाही! ये वेदों का विज्ञान है! ऋषींनी करंट मोजला, इंग्रजांनी चोरला!"

टाळ्या पडल्या. इंग्रजांनी चोरलं म्हटलं की आपल्याला लगेच पटतं.

डब्याला जोडलेल्या तांब्याच्या दोन सळ्या रोग्यानं मुठीत धरायच्या. हाताला मुंग्या येत, सुई नवावर चढे. "देख, विकार!" महाराज मंत्र म्हणत आणि सुई सरसर पाचावर उतरे. रोग गेला!

भागाबाईची साखर अशीच गेली होती. तेव्हापासून इन्सुलिन फ्रिजमध्ये गार पडलं होतं आणि भागाबाई भिंत धरून चालत होती.

"आत्याबाई, सुई टोचून घ्या ना," सून पूर्णिमा रोज विनवायची.

"कोणती सुई खरी, पोरी? ती उतरली. मी माझ्या डोळ्यानं पाहिली."

पूर्णिमा बुऱ्हाणपूरच्या आयटीआयमध्ये पोरांना वीज शिकवायची. करंट देणारं यंत्र सांगतं तेवढाच करंट देतं का, हे तपासणं तिचं नेहमीचंच काम. त्याच तारेत एक खात्रीचा मीटर जोडायचा आणि दोन्ही आकडे ताडून पाहायचे. किराणावाल्याचा काटा तपासावा तसं. म्हणून आज पिशवीत मीटर घालून ती सासूबरोबर आली होती.

"महाराज," ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मलाही त्रास आहे. पण आधी तुमच्या यंत्राला आमच्या मीटरची साक्ष घेऊ या? मग शहरातले शिकलेलेही येतील."

शहर म्हटल्यावर महाराज फुलले. "जोड, बेटी, जोड!"

तिनं मीटर तारेत जोडून सगळ्यांना दिसेल असा ठेवला. सळ्या मात्र पदराआड घेतल्या. सासूसमोर, परक्या पुरुषासमोर सुनेनं हात झाकले, यात कुणाला नवल वाटलं नाही.

महाराजांची सुई नवावर. पूर्णिमाच्या मीटरवरही शून्य पूर्णांक नऊ मिलिअ‍ॅम्प, म्हणजे त्यांची नववी रेघच.

"देखो! मशीन ने भी माना!" महाराजांनी डोळे मिटले. "बेटी, पोटात उष्णता आहे. झोप नाही. आणि... सासूचा जाच आहे."

"अगं बाई!" बायका खुसखुसल्या. भागाबाई लालबुंद.

मंत्र सुरू झाला. महाराजांची सुई पाचावर आली. पूर्णिमाचा मीटर ढिम्म. शून्य पूर्णांक नऊ.

"आत्याबाई, तार एक, करंट एक. मग आकडे दोन कसे?"

"तुम्हारा मीटर अशुद्ध है!"

"असेल. पण रोगी तर बघा." पूर्णिमानं पदर बाजूला केला. दोन्ही सळ्या एका हिरव्यागार केळ्यात खुपसलेल्या होत्या. "महाराज, या केळ्याला झोप येत नसेल एखादे वेळी. पण सासू नाही हो याला!"

शेड हसण्यानं दणाणली. रिक्षावाला कडू तर हसता हसता जमिनीवरच बसला.

हसली नाही ती भागाबाई. मंत्र म्हणताना महाराजांचा पाय गालिच्यावर दबलेला तिनं पाहिला होता. ती टेबलाला धरत मागे गेली, वाकली आणि महाराजांच्या पायाखालचा गालिचा ओढला. खाली शिलाई मशीनला असतं तसं पेडल होतं, त्याची वायर डब्यात गेलेली. तिनं आपला पाय ठेवून दाबला. सुई पाचावर. सोडला. नवावर.

"घ्या! माझ्या पायातही ऋषी निघाले!"

"पेडल दाबलं की करंटला आडवाट मिळते," पूर्णिमानं सांगितलं. "थोडा करंट महाराजांच्या सुईला वळसा घालून जातो, म्हणून ती उतरते. रोग्यातून जाणारा जवळपास तेवढाच राहतो. आणि रोग? त्याला तर यानं कधी हातच लावला नाही."

महाराज डबा उचलायला धावले, पण डब्यावर कडूचा हात आधीच पडला होता. "हा पोलिस बघतील, बाबा."

माणूस डोळ्यानं पाहिलेलं खरं मानतो, त्यात त्याचं काय चुकलं? फक्त दुसऱ्या मीटरनं पुन्हा पाहावं. खऱ्याला तपासणीची भीती नसते. आणि जो तपासू देत नाही, त्याच्या आकड्यावर औषध सोडू नये.

कुणीतरी ते केळं भागाबाईपुढे धरलं.

"मला नको, साखर आहे मला," ती म्हणाली आणि सुनेचा दंड धरला. "चल पोरी, घरी. ती दुसरी सुई काढ."