जुईची दुसरी सायकल

मी जुईची दुसरी सायकल बोलतेय. दुसरी म्हणजे जुनी नव्हे. पहिलीसारखीच, फक्त वाट पाहायचं काम माझ्याकडे.

सायक्लोक्रॉस म्हणजे मुद्दाम चिखलात घेतलेली सायकल शर्यत. पहिली सायकल इतकी बरबटते की चाकं फिरेनाशी होतात. मग ती कडेला उभ्या माणसाच्या हाती सोडायची, दुसरी घेऊन सुटायचं. त्यानं पहिली धुऊन पुढच्या फेरीला तयार ठेवायची. आमच्याकडे ते काम जुईच्या बाबांचं. चंद्रहासराव, न्यूझीलंडमधल्या टौरंगाच्या बंदरातले इंजिनिअर. आई लवकर गेल्यावर त्यांनी पोरीला एकट्यानं वाढवलं.

"बाबा, बाइक! क्विक!" जुई ओरडत यायची.

"घे गं, घे, चेन बघितलीय!"

घरी ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि हे मराठीत गप्प बसायचे. जे काही बोलणं व्हायचं ते त्या चिखलात.

मग जुईला बेल्जियमच्या एका संघानं घेतलं. व्यावसायिक खेळाडू झाली पोरगी! बाबांनी पेढे वाटले. तिकडे संघाच्याच सायकली, संघाचाच मेकॅनिक. जाताना पहिली सायकल तिनं क्लबातल्या मैत्रिणीला दिली. मी गॅरेजात राहिले आणि बाबा घरात.

दसऱ्याला त्यांनी मला झेंडूचा हार घातला आणि तो न काढताच पॅडल फिरवून बघितलं. दोरा चेनमध्ये असा गुंतला की सोडवता सोडवता दुपार गेली. इतकं खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून नादच लागलाय त्यांना. रविवारी मला किवीच्या बागेमागे नेतात. वर बसत नाहीत. हाताला धरून चिखलातून फिरवतात. मी पुरती माखले की घरी आणून धुतात. कुणी बघितलं तर वेड्यात काढेल.

परवा व्हिडिओ कॉलवर जुईला मी दिसले.

"बाबा, इट्स सो क्लीन! सेल इट ना. समवन विल यूज इट."

"बघतो. तिकडे तुझी सायकल नीट धुतात ना गं?"

"दे आर प्रोज, बाबा. स्वीट अ‍ॅज!"

ते शेवटचं म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत 'एकदम झकास'. "बरं झालं," बाबा म्हणाले. फोन ठेवल्यावर पाण्याचा पाइप हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते. नळ सोडलाच नाही.

जुई, तू खूप जिंक. मला मिरवायची हौस नाही, कडेला उभं राहण्यातच माझा जन्म गेलाय. पण मला विकायला सांगू नकोस गं. मी गेले, तर रविवारी त्यांनी धुवायचं काय?