एकट्याला ढकलतं कोण?

मुलांनो, डोळे मिटा आणि एक मोठं, रिकामं मैदान मनात आणा. त्यात तुम्ही अगदी एकटे. तरी कोणीतरी ढकलतंय. वळून पाहता, तर मागे कोणीच नाही. कसं वाटेल?

अकरा वर्षांच्या किशोरीला तसंच वाटायचं. मोरा बंदराजवळच्या कोळीवाड्यातून ती जूनमध्ये सुकापूरला, भावनाआत्याकडे शिकायला आली. दिवाळी सरली तरी वर्गात शेवटच्या बाकावर ती एकटीच. आता कर्नाळ्याची सहल ठरली होती. दोघींनी मिळून पक्षी मोजायचे, जोड्यांची नावं उद्या द्यायची. जायचं तर तिला फार होतं. पण जोडी नव्हती.

पदार्थांतले इलेक्ट्रॉन कसे वागतात, याचं गणित आत्या घरी बसून संगणकावर मांडायची. त्या संध्याकाळी ती कपाळाला हात लावून बसली होती.

"काय झालं गो आत्या?"

"चुकतंय. इलेक्ट्रॉन ढीगभर, एकेकाचा माग काढायला जन्म पुरायचा नाही. म्हणून कुठे किती दाटी आहे, तेवढंच बघायचं. वलांडीवर बोंबील किती सुकतायत, हे आजी कसं सांगते?"

"दोन हात पसरून एक वाव दोरी मोजते, बाकी अंदाजानं."

"आमचंही तसंच. जागोजागची दाटी बघून अंदाज. बहुतेक वेळा जवळपास येतो."

"मंग चुकलं कुठं?"

"हायड्रोजनवर. तिथे इलेक्ट्रॉन एकच. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, म्हणून दाटी दाटीला ढकलते, असं आमचं गणित धरतं. ही दाटी त्या एकट्याची स्वतःचीच, हे गणिताला कळत नाही. चूक पुसायला जातो, ती पुरती पुसली जात नाही."

किशोरी खुदकन हसली. "म्हंजे तो सोताच सोताला ढकलतो? येडाच हाय!"

"येडं आमचं गणित. खऱ्या इलेक्ट्रॉनला असलं काही होत नाही."

किशोरीने पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, मी वर्गात बोलले का, पोरी हसतात."

"कोण हसली?"

तिने एकेक चेहरा आठवून पाहिला.

"अजून... कुनीच नाय. मी बोललेच नाय कुनाशी."

आत्या उठली. तिच्या केसांवरून हात फिरवून भात लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातली वल्लरी खिडकीशी डबा खात होती. किशोरी चार बाकं ओलांडून तिच्यापुढे उभी राहिली. 

"माझी जोडी नाय अजून," ती म्हणाली. "तुझी झाली काय?"