आहाराचा धडा आणि सरांचा डबा

विज्ञानाच्या सरांची एक खोड होती. आहाराचा धडा आला, की स्वतःचा डबा टेबलावर उघडायचा आणि नववीच्या पोरांना म्हणायचं, "करा हिशोब. यात ऊर्जा किती, आणि मी दिवसभरात जाळतो किती?" फळ्यावर तराजू काढायचा. एका पारड्यात खाल्लेलं, दुसऱ्यात खर्चलेलं. पोरं खिदळायची, कारण सरांची बायको डबा असा ठासून भरायची, की खाल्लेल्याचं पारडं पार जमिनीला टेकायचं.

बायको जाऊन दोनेक महिने झाले होते. सर रडले नाहीत, चिडले नाहीत. आत नुसता कापूस भरल्यासारखं झालं होतं, बस. मागे एकदा उपाशीपोटी मैदानावर चक्कर येऊन पडले, तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दम भरला होता, "पुन्हा असे उपाशी दिसलात तर सक्तीची रजा!" सरांना तेवढीच एक भीती उरली होती. घरी चार भिंतींशिवाय होतं काय?

आज त्यांनी डबा उघडला. आत लख्ख रिकामा. इतकी वर्षं डबा घासायचं काम त्यांचं, भरायचं तिचं. सकाळी त्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

आणि मोठ्या बाई नेमक्या दारात.

"बाई, सरांनी मुद्दाम रिकामा आणलाय," पुढच्या बाकावरची टकळी उठली. तिचं तोंड कधी मिटत नसे, म्हणून हे नाव. "काहीच खाल्लं नाही तर काय होतं, ते शिकवतायत."

"हो का? मग सर, काल काय खाल्लंत?"

सरांनी आठवून पाहिलं. खोटं सांगायलाही काही सुचेना.

"चहा."

"आणि?"

"चहाच."

बाई जवळ आल्या, आवाज खाली आणला. "उद्यापासून रजा."

"घरी बसून करू काय?"

"जेवा. तुमच्या बहिणीला फोन करते मी. येईल ती."

"बरं," सर म्हणाले. ज्याची भीती होती ते झालं, आणि तेही दुसऱ्याच कुणाचं झाल्यासारखं वाटलं.

बाई गेल्या. तास अजून उरला होता. टकळीनं हळूच विचारलं, "सर, नुसतं घरी बसणाऱ्या माणसाला किती लागतं?"

"लागतंच की. श्वास घ्यायला लागतं, काळीज चालायला लागतं. झोपेतसुद्धा जळत असतं." सरांनी खडू उचलला. "बाहेरून मिळालं नाही, तर अंग स्वतःलाच खातं. चरबी खातं, मग स्नायू. लिहून घ्या, परीक्षेला येतं."