तिसऱ्या बटणाचा मोबदला

"दुकान विकलं तर तुलाच विकीन, आणि आज ठरलं त्याच किमतीत. वर्षअखेरपर्यंत दुसऱ्या कुणाला दारात उभं करणार नाही," असा शब्द मालकांनी दिला तेव्हा शिंपीणबाईंना रडूच फुटलं. उभं आयुष्य त्यांनी त्या भाड्याच्या दुकानात शिलाई मशीन चालवली होती. पण त्यांचा भाऊ वकील, आणि आनंदात विरजण घालायची त्याला जन्माची खोड.

"नुसता शब्द म्हणजे वारा," तो म्हणाला. "उद्या हे फिरले तर? शब्दाच्या बदल्यात तू काहीतरी दिलेलं हवं. मोबदला! कितीही लहान चालेल, पण हवा."

"लेकीसारखी ही, हिच्याकडून पैसे घेऊ?" मालकांनी कानांवर हात ठेवले.

घोडं तिथेच अडलं. शिंपीणबाईंचं लक्ष मात्र मघापासून मालकांच्या कोटाकडे होतं. तिसरं बटण गायब! सुटं बटण जवळ नव्हतं. त्यांनी पिशवीतून कात्री काढली, स्वतःच्या कोटाचं तिसरं बटण कापलं आणि मालकांच्या पोटावर शिवून टाकलं. भावाने गंभीरपणे लिहिलं, 'मोबदला: बटण एक.' सह्या झाल्या.

"दिलं म्हणजे दिलं हं ताई," तो जाताना म्हणाला.

थंडी पडली आणि शेजारच्या बेकरीवाल्याला दुकान वाढवायची हुक्की आली. त्याने दुप्पट किंमत सांगताच मालकांची लेक परकी झाली. त्यांनी चक्क हात वर केले. शेवटी दोघांच्या संमतीने प्रकरण एका निवृत्त न्यायाधीशांपुढे गेलं.

"साहेब, ही बाई सगळ्यांचीच बटणं फुकट लावते," मालक म्हणाले. "दुकानावर तशी पाटीच आहे. माझंही लावलं. त्याला मोबदला कसं म्हणायचं? ही तर हिची सवय!"

पाटी खरी होती, भावानेच रंगवली होती. एवढ्या चांगुलपणाने आपलंच दुकान जावं, याचा शिंपीणबाईंना भयंकर राग आला आणि त्या रागातच त्यांना सटासट शिंका आल्या.

"कोट नीट लावा आधी," न्यायाधीश म्हणाले. मग चष्मा सावरून त्यांनी निरखून पाहिलं. "बटण कुठाय तुमचं?"

शिंपीणबाईंनी मालकांच्या पोटाकडे बोट दाखवलं.

"मग दुसरं का नाही लावलं? तुम्ही शिंपी ना?"

"कसं लावणार, साहेब? दिलं म्हणजे दिलं. दुसरं लावलं तर माझं काय गेलं? मग मोबदला कसला? वर्ष संपेपर्यंत उघडंच ठेवायचं ठरवलंय."

भावाने कपाळावर हात मारून घेतला. न्यायाधीश मात्र हसू आवरत बराच वेळ खोकले.

"कायदा असं काही सांगत नाही, बाई," ते म्हणाले. "पण डब्यातली बटणं तुम्ही सगळ्यांना देता, अंगावरचं यांनाच दिलंत. शब्दाच्या बदल्यात दिलंत आणि यांनी ते घेतलं. किंमत आम्ही बघत नाही. शब्द पाळा, मालक."

ठरलेल्या किमतीत व्यवहार झाला. दुसऱ्या दिवशी मालक दुकानात आले आणि त्यांनी मशीनवर बटण ठेवलं. तेच, स्वतःच्या कोटावरून कापून आणलेलं. "लाव तुझ्या कोटाला. शिंका ऐकवत नाहीत," ते खाली बघत म्हणाले.

शिंपीणबाईंनी ते लावलं. मग डबा उघडून तसंच दुसरं शोधलं, सुईत दोरा ओवला आणि सवयीने म्हणाल्या, "इकडे या काका. फुकट आहे."

"नको गं बाई! फुकट नको!" मालक दोन पावलं मागे सरले. त्यांनी सगळे खिसे चाचपले, आणि आजवर स्वतःजवळ ठेवलेली दुकानाची दुसरी किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"ही घे," ते म्हणाले. "आता लाव."