मेजितची कवडी

मी नकाशा बोलतोय. पण म्हणून लगेच माना डोलावू नका. मला ज्याने घडवलं त्याने आयुष्यात कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याचा तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय. तुम्ही हे कशासाठी ऐकताय, याचाही मला जरा संशयच आहे.

माझ्यात कागद नाही की शाई नाही. माडाच्या झावळीचे हीर, काथ्याच्या गाठी आणि कवड्या, एवढाच माझा पसारा. सरळ हीर म्हणजे पूर्वेकडून येणारी मोठी लाट, वाकवलेला हीर म्हणजे बेटाला वळसा घालणारी लाट, आणि कवडी म्हणजे बेट. मधोमध आमचं आइलुक. उत्तरेला उतिरिक, दक्षिणेला वोत्जे, मावळतीला लिकियेप आणि उगवतीला एकटंच पडलेलं मेजित. मार्शल बेटांत जमीन चिमूटभर आणि पाणी अमाप. इथे एखादं बेट चुकलं, तर माणूस परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही.

मला बांधलं लांगरिनमामाने. समुद्रावर त्याच्या तोडीचा माणूस नव्हता, पण बायकोने भाजलेला नीरफणस पुढे ठेवला तरी हा आधी वास घेऊन बघायचा. तरुणपणी भावकीतल्या एकाने त्याच्या बापाचा नकाशा चोरून पाठ केला होता आणि इरोजपुढे, म्हणजे आमच्या राजापुढे, आपलीच विद्या म्हणून मिरवला होता. ते मामाच्या मनात कायमचं सलत राहिलं. म्हणून मला बांधताना त्याने मेजितची कवडी मुद्दाम चार बोटं उत्तरेला सरकवली.

"चोराला बरी अद्दल घडेल," तो माझ्याशीच पुटपुटला. "खोटी एवढी एकच हं."

आमच्याकडे नकाशा होडीत नेत नाहीत. तो घरी भिंतीवर राहतो. बघून बघून पाठ करायचा आणि समुद्रावर गेल्यावर लाटा अंगाने ओळखायच्या, अशी इथली रीत.

मामाने आपली विद्या द्यायला निवडली ती भाची, नेइबान. आमच्याकडे जमीन आणि घराणं आईकडून चालतं, त्यामुळे बहिणीच्या लेकरांचाच हक्क पहिला. तो तिला उथळ पाण्यात उताणी तरंगवायचा आणि डोळे मिटायला लावायचा.

"कुठली लाट लागतेय?"

"पूर्वेची."

"आणखी?"

"आणखी, मामा, तू गुपचूप पाय हलवतोयस ना, ती."

हे ती घरी येऊन हसत सांगायची आणि मामा खोटाखोटा रागवायचा. मग ती माझ्यापुढे बसून एकेका कवडीवर बोट ठेवत बेटं पाठ करायची. मेजितवर बोट आलं की मी मामाकडे बघायचो. आता सांगेल, मग सांगेल. तो नुसता हुं म्हणायचा. हा माणूस स्वतःच्या भाचीलाही जोखतोय, हे मला कळत होतं आणि त्याचा रागही येत होता. समुद्रावरच्या तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगायचं, असं बहुधा त्याने ठरवलं असावं.

आणि तो जोर्बॉन! तोही मामाचा भाचाच, नेइबानचा मावसभाऊ. बरीच वर्षं राजधानीत, माजुरोला राहून परत आला होता. हातात मटणाचा डबा घेऊन यायचा आणि नेमका माझ्यासमोर बसायचा.

"सहज आलो होतो, मामा."

"सहज येणारा माणूस चपला काढता काढता भिंतीकडे बघत नाही," मामा म्हणायचा.

जोर्बॉन हसण्यावारी न्यायचा. पण त्याची नजर माझ्या गाठीगाठीवरून फिरायची. तो मला पाठ करत होता, खोट्या कवडीसकट. मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, घे, हवं तेवढं घे.

मग एके सकाळी नारळ सोलता सोलता मामाच्या हातातून नारळ घरंगळला. तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं आणि वाचा बसली.

नेइबानची परीक्षा मात्र ठरलेली होती. उलांडीच्या, म्हणजे बाजूला तोल सांभाळणारं लाकूड जोडलेल्या होडीत तळाशी निजायचं, वरून चटई पांघरायची, बाहेर काही बघायचं नाही, आणि केवळ लाटांच्या हेलकाव्यावरून होडी मेजितला न्यायची. ती आतून सांगणार आणि दुसऱ्याने सुकाणू धरायचं. इरोजने सुकाणूवर नेमला जोर्बॉन.

निघताना ती मामाचा निरोप घ्यायला आली. मामाने डावा हात माझ्याकडे केला, घशातून आवाज काढला, जमिनीवर मूठ आपटली.

"नकाशा पाठ आहे रे, मामा," ती म्हणाली. "काळजी करू नकोस." आणि त्याला तहान लागली असेल समजून तिने शहाळ्याचं पाणी पाजलं. ते त्याच्या हनुवटीवरून ओघळत राहिलं.

ती गेली. मग मी आणि मामा एकमेकांकडे बघत राहिलो, एकाच चोरीत सापडलेल्या दोघांसारखे. परक्यासाठी लावलेला सापळा घरच्याच पोरीच्या वाटेत होता. बायकोने भरवलेला घास तो थुंकून टाकायचा. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

काही दिवसांनी दारात आधी जोर्बॉन आला. या खेपेला त्याने भिंतीकडे पाहिलं नाही.

"मामा, मी हिच्याशी भांडलो," तो खाली बसत म्हणाला. "मेजित अजून उत्तरेला आहे, नकाशात बघितलंय, असं घसा फुटेस्तोवर ओरडत होतो. ही चटईखालून म्हणते, दक्षिणेला घे. मला वाटलं, मला खोटं पाडायला मुद्दाम सांगतेय."

"मग ऐकलंस कसं?" मामाच्या बायकोने विचारलं.

"चटईखालून हात काढून पोटरीला चिमटा घेतला हिने. अजून काळानिळा आहे."

नेइबान मागून आत आली. काखेत मेजितच्या बायकांनी विणलेली चटई होती. ती मामाजवळ बसली.

"कवडी उत्तर सांगत होती आणि होडीच्या तळाला टेकलेली पाठ दक्षिण सांगत होती," ती म्हणाली. "मी खूप घाबरले, मामा. शेवटी पाठीचं ऐकलं."

मामाच्या एका डोळ्यातून पाणी आलं. डाव्या हाताने तो माझ्याकडे सरकू लागला. त्याला मेजितची गाठ सोडायची होती, पण एका हाताने ती सुटेना. मग नेइबानने ती सोडली. मला वाटलं, आता ती कवडी तिच्या खऱ्या जागी बांधेल. तिने ती मामाच्या मुठीत ठेवली आणि माझी जागा रिकामीच सोडली.

"जोर्बॉन, मेजित हवंय ना तुला? उद्या चटईखाली तू निजायचं. सुकाणू मी धरते."

"आणि मी चुकलो तर?"

"चिमटा आहेच."

आता मी इथेच टांगलेला आहे. उगवतीकडची माझी गाठ मोकळी आहे, आणि खोटं सांगण्यापेक्षा तिथे काहीच न सांगणं मला बरं वाटतं. पण बाकीच्या कवड्यांवर बोट ठेवून कुणी बेटं मोजू लागलं की माझा जीव खालीवर होतो. खोटी एकच आहे, असं मामा म्हणाला होता. मामाचं बोलणं ते. आणि आता विचारावं, तर त्याला वाचा नाही.

तेव्हा हात जोडून सांगतो, मला हवं तेवढं बघा. पण निघाल तेव्हा होडीच्या तळाशी पाठ टेका, डोळे मिटा, आणि मला घरीच राहू द्या.