सायकल-मार्गाची तीन दिवसांची मोजणी

मी एक जुना सायकल-मार्ग आहे. जुना म्हणजे सहा वर्षांचा. माणसाचं मूल या वयात पहिलीत जातं. माझ्या मात्र निवृत्तीचं बोलणं चाललं आहे. मित्रांनो, थोडं दमलेल्या आवाजात बोललो तर राग मानू नका. अंगावर सतत दोन-तीन टन वजन असलं की आवाज तसाच निघतो.

माझा जन्म कागदावर झाला. तिथे मी फार देखणा होतो. हिरवीगार, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रेघ. शेजारी पेन्सिलीने काढलेली दोन हसरी माणसं सायकलवर बसलेली. मग मला जमिनीवर उतरवायला कामगार आले आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या मुकादमाने फोन लावला.

"साहेब, मधोमध विजेचा खांब येतोय."

"नकाशात आहे का खांब?"

"नाही."

"मग नाहीये तो. काम चालू ठेवा."

काम चालू राहिलं. खांबही राहिला. पुढे एक झाड होतं, तेही नकाशात नव्हतं. त्यालाही कुणी हात लावला नाही, हे एक बरं झालं. रंगाऱ्याने खांबाभोवती आणि झाडाभोवती रंग इतक्या प्रेमाने फिरवला, की पाहणाऱ्याला वाटावं, आधी मी होतो आणि मग माझ्यातून हे दोघे उगवले. माझी रुंदी एक लहान मोटार बरोबर मावेल इतकी ठेवली. दोन्ही टोकांना सायकल सहज चढावी म्हणून गुळगुळीत उतार केले. हेतू चांगला होता. पण वर चढणारं चाक कुणाचं आहे हे उताराला कुठे कळतं?

उद्घाटनाला पाहुणे सायकलवरून आले. खांबापर्यंत आले, थांबले, खांबाचं कौतुक करावं तसं वर पाहिलं आणि वळून परत गेले. टाळ्या झाल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात स्वच्छ दिवस.

त्यानंतरचे आठ-नऊ महिने मात्र मी खरंच कामाला आलो, हे सांगताना आजही मला बरं वाटतं. सकाळी टपालवाले यायचे. एक माळीबुवा यायचे, त्यांच्या सायकलला दोन बाजूंना दोन झाऱ्या आणि तोंडात एक न पेटवलेली विडी. "डॉक्टरांनी ओढायला बंदी केलीय, धरायला नाही," असं ते विचारणाऱ्याला सांगत. शाळेत जाणाऱ्या दोघी बहिणी यायच्या. त्यांचं भांडण माझ्या या टोकाला सुरू होऊन त्या टोकाला मिटायचं. आणि यायची पेटीवाली ताई.

ताईचं काम नाजूक होतं. घरोघरी जाऊन ती म्हाताऱ्या-कोताऱ्यांचं रक्त तपासणीसाठी घ्यायची, नळ्या थंड पेटीत ठेवायची आणि पेटी सायकलमागे बांधून लॅबमध्ये पोचवायची. रक्त फार हिंदकळलं की नमुना खराब होतो. मग लॅबमधून निरोप येतो, 'पुन्हा घ्या'. आणि रात्रीपासून उपाशी बसलेल्या एखाद्या आजींना पुन्हा सुई. शेजारच्या मोठ्या रस्त्यावर खड्डे आणि गतिरोधक आळीपाळीने होते. माझ्या अंगावर एकही नव्हता. ताई माझ्यावरून अशी जायची, जणू पेटीत कुणाचं तरी झोपलेलं बाळ आहे. मी शक्य तितका सपाट पडून राहायचो. रस्त्याच्या जातीला याहून जास्त काही करता येत नाही.

मग एके दिवशी एक पांढरी मोटार माझ्यावर चढून उभी राहिली. ताईने घंटी वाजवली.

"अहो ताई, दोनच मिनिटं," आतले काका म्हणाले.

"काका, कालपण तुम्ही दोनच मिनिटं म्हणाला होतात."

"मग आजपण तेवढीच म्हणतोय. माझं सगळं नियमित असतं."

काका एकटे असते तर मी सोसलं असतं. पण एक मोटार उभी दिसली की दुसरीला धीर येतो. सामान उतरवणारे टेम्पो आले. गॅरेजवाल्याने दुरुस्तीला आलेल्या गाड्या माझ्यावर ओळीने लावल्या. त्यातली एक अजून तिथेच आहे, तिच्या टपावर मांजरीची दुसरी पिढी वाढते आहे. मोठ्या रस्त्यावर गर्दी झाली की मोटारसायकली माझ्यावरून सुसाट निघायच्या आणि पुढच्या सायकलवाल्यावर मागून भोंगा वाजवायच्या. एकदा एक जण माळीबुवांवर ओरडला, "बाजूला व्हा ना आजोबा! गाड्यांचा रस्ता आहे हा!" माळीबुवांनी माझ्यावर रंगवलेल्या सायकलच्या चित्राकडे पाहिलं, विडी या गालातून त्या गालात नेली आणि बाजूला झाले. काय बोलणार? तोवर चित्राचं एक चाक टायरांनी पुसून टाकलं होतं. उरलेलं चित्र कसलंही असू शकलं असतं.

सायकली कमी झाल्या. मग समोरच्या दुकानदारांनी अर्ज केला, की या मार्गावर सायकली दिसत नाहीत, तेव्हा तो काढून तिथे गाड्या लावायला अधिकृत जागा करावी. अर्जात खोटं काही नव्हतं. दिसत नव्हत्याच.

कार्यालयाने ठरवलं, तीन दिवस मोजणी करायची. दिवसाला शंभर सायकली गेल्या तर मार्ग राहील, नाहीतर जाईल. मोजायला माणूस हवा होता प्रामाणिक, बसायचा कंटाळा न करणारा. असा एक मिळाला. बसमध्ये तीस वर्षं कंडक्टरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. ते लेकीकडे राहायचे. लेक म्हणजे आपली पेटीवाली ताई.

पहिल्या दिवशी सकाळी कार्यालयातल्या साहेबांची जीप आली. जीपमधून टेबल, खुर्ची, मोठी छत्री आणि कंडक्टरकाका उतरले. पदपथावर दुकानांचं सामान होतं, म्हणून टेबल-खुर्ची माझ्यावर मांडली, बरोबर खांब आणि झाड यांच्या मधे. माझी कंबर तिथे सगळ्यात बारीक आहे. साहेबांना सावली हवी होती, म्हणून खुर्चीमागे जीप लावली.

"फक्त मार्गावरून चालवत नेलेली सायकल मोजायची," साहेबांनी नियम सांगितला. "रस्त्यावरून गेलेली नाही."

"कळलं. बसमध्ये चढला तो प्रवासी. थांब्यावर उभा असलेला नव्हे," काका म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढलं.

सायकली आल्या, मित्रांनो. माझा जीव जाणार ही बातमी पसरली होती, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्तच आल्या. येत, खुर्ची पाहत, जीप पाहत, आणि उतरून मोठ्या रस्त्याने पुढे जात. टपालवाले गेले. बहिणी गेल्या. माळीबुवा तर थांबून म्हणाले, "दादा, जरा उठता का? मला मोजून घ्यायचंय."

"जागा सोडायची नाही अशी सूचना आहे," काका म्हणाले.

माळीबुवा उतरले आणि सायकल हातात धरून खांबाच्या फटीतून अंग चोरत नेली. काकांनी नियम पुन्हा वाचला. चालवत नेलेली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

संध्याकाळी ताई वडिलांना न्यायला आली.

"बाबा, किती?"

"चार. तीन चिमुरडी होती, मागे छोटी चाकं लावलेल्या सायकलींवर. एक बारीक अंगाचा गृहस्थ."

"मी चार वेळा गेले तुमच्यासमोरून."

"रस्त्याने गेलीस."

"तुमच्या खुर्चीमुळे!"

"खुर्ची कार्यालयाची आहे."

"बाबा, निदान मला तरी एक धरा."

"बाळ, तीस वर्षांत बसमध्ये नसलेला माणूस मी कधी लिहिला नाही. आणि असलेला कधी सोडला नाही."

"मग मी कोण? असलेली की नसलेली?"

काका छत्री मिटू लागले. ती छत्री एका झटक्यात मिटणारी होती. त्या दिवशी बराच वेळ लागला.

निघताना ताईने सांगितलं ते मी ऐकलं. मोठ्या रस्त्याच्या हादऱ्यांनी या महिन्यात तिच्या दोन पेट्या परत आल्या होत्या. आणखी एक आली तर लॅब हा भाग दुसऱ्याला देणार होती. "मार्ग गेला ना बाबा, की माझं काम गेलं. एवढंच आहे," ती म्हणाली. रडत-बिडत नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोन सायकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ताई आली. पेटी भरलेली होती. खुर्चीच्या अलीकडे ती माझ्यावरून उतरली, रस्त्यावर वळली आणि मागून येणाऱ्या टेम्पोने तिच्या सायकलला कोपरखळी मारावी इतकाच धक्का दिला. तेवढा पुरतो. ताई पडली, पेटी उघडली, नळ्या रस्त्यावर घरंगळल्या. टेम्पो थांबला नाही. त्याला घाई होती, पुढे जाऊन माझ्यावरच उभं राहायचं होतं.

काका पाच पावलांवर होते. हातात पेन्सिल होती. तीन दिवसांत मोजणी चालू असताना पहिल्यांदा ते खुर्चीवरून उठले.

ताईचं कोपर सोलवटलं होतं. ती बसल्या बसल्या नळ्या गोळा करत होती, फुटलेल्या एका बाजूला, न फुटलेल्या एका बाजूला. न फुटलेल्याही आता कामाच्या नव्हत्या. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, पडलेली चालते का मोजायला?"

काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. खिशातला रुमाल काढून तिच्या कोपराला बांधला. मग परत येऊन खुर्चीसमोर उभे राहिले आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे असं पाहत राहिले, जणू बसमध्ये कुणी विनातिकीट सापडलं आहे आणि तो ओळखीचा निघाला आहे.

मग त्यांनी खुर्ची उचलली, टेबल उचललं, आणि दोन्ही एका दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवलं. दुकानदार काही म्हणायच्या आत काका जीपकडे वळले होते.

"चला, पुढे चला! पुढे जागा आहे!"

मित्रांनो, तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. पुढे जागा कधीच नसते. पण त्या आवाजाने तीस वर्षं माणसं हलवली होती. साहेब जीपमध्ये डुलकी घेत होते, ते दचकून जागे झाले आणि जीप पुढे घेतली. काका माझ्या अंगावरून चालत निघाले, प्रत्येक काचेवर पेन्सिलीने टकटक करत. "पुढे सरका. दाटून उभं राहू नका. दोन मिनिटंवाले, तुम्हीपण." पांढऱ्या मोटारीचे ते मालकसुद्धा हलले, का हलतोय हे न कळता. गॅरेजसमोरची मांजरवाली गाडी तेवढी राहिली.

दुपारपर्यंत माझा दीड-दोनशे पावलांचा तुकडा मोकळा झाला. अंगावर ऊन पडलं. किती दिवसांनी. आणि सायकली परत वळल्या. पायरीवर बसून काका एकेक रेघ मारत होते. माळीबुवा झाऱ्या सांभाळत गेले आणि विडी हातात घेऊन त्यांनी सलाम केला. बहिणी भांडत गेल्या.

संध्याकाळी बेरीज झाली. एकसष्ट.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी वही पाहिली, इकडेतिकडे पाहिलं. "काका, शंभर लिहून टाका. कोण बघतंय?"

"एकसष्टच गेल्या साहेब."

"अहो, तुमच्याच मुलीचा प्रश्न आहे ना?"

"म्हणूनच," काका म्हणाले.

त्यांनी एकसष्ट लिहिलं. मग शेरा लिहायच्या रकान्यात, ओठ हलवत, सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणून मलाही कळलं:

"पहिले दोन दिवस आणि तिसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत मार्ग बंद होता. अडवणारी वाहने: जीप, एक. अडवणारी माणसे: एक, मोजणीदार स्वतः. तेवढ्या वेळाची माझी मोजणी खोटी आहे. ती धरू नये."

तीस वर्षांत ज्याचा एक आकडा खोटा निघाला नव्हता, त्या माणसाने स्वतःच्या हाताने ते लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली. साहेबांनी वही हातात घेऊन शेरा पुन्हा वाचला. मग त्यांनीही सही केली आणि खाली लिहिलं, फेरमोजणी घ्यावी. जीपचा आकडा खोडायला सांगितला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी काका ताईबरोबर लॅबमध्ये गेले. तिथे काय झालं ते मी पाहिलेलं नाही, लॅब माझ्या हद्दीबाहेर आहे. एवढं माहीत आहे, की फेरमोजणी होईपर्यंत ताईचं काम तिच्याकडेच ठेवलं आहे. ती आता अर्धा तास लवकर निघते, गाड्या यायच्या आत. काका तिच्यापुढे चालत जातात आणि काचांवर टकटक करतात. रोज जमत नाही. त्यांचे गुडघे दुखतात आणि गाड्यांचे दुखत नाहीत.

तर मित्रांनो, मी हा असा पडून आहे. मी काही मोठं मागत नाही. खांब राहू द्या, झाड तर राहूच द्या, रंग उडाला तरी चालेल. 'इथे सायकली दिसत नाहीत' असं म्हणण्याआधी एकदा खाली वाकून बघा, आपण स्वतः कुठे उभे आहोत. इतकंच.

फेरमोजणी पुढच्या महिन्यात आहे. मला वाचवण्यासाठी त्या दिवशी पुष्कळ लोक जमणार आहेत, असं ऐकतो. तुम्हीही या. मला खरंच बरं वाटेल. फक्त चारचाकीने येऊ नका. ती तुम्ही कुठे लावाल, हे मला आत्ताच जाणवू लागलं आहे.