बदल न सापडल्याबद्दल

माझा सत्कार बाबांनीच ठरवला आणि त्याआधीची बातमीही त्यांनीच पेरली. मराठी मंडळाचे सेक्रेटरी ना ते! हिंदी पेपरात माझ्या फोटोखाली छापून आलं : ‘उज्जैन की बेटी की खोज, बदलते हैं ब्रह्मांड के नियम’. वाचून माझं डोकंच फिरलं.

मी सूर्यासारखे दूरचे तारे निवडते आणि त्यांचा प्रकाश फोडून बघते. त्या रंगपट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. अणूंमधल्या विजेच्या ओढीचा एक स्थिरांक आहे. तो तिकडे जराही वेगळा असता, तर रेघांमधली अंतरं बदलली असती. नाही बदलली. माझी सगळी मेहनत या एका ‘नाही’साठी होती आणि मला तिचा अभिमान आहे.

“बाबा, हे साफ खोटं आहे. मी स्टेजवर खरं सांगणार.”

“बेटा, ‘काही बदललं नाही’ हे ऐकायला फ्रीगंजातल्या हॉलपर्यंत कोण येणार? चुपचाप शाल घे. माझ्या इज्जतीचा सवाल आहे.”

“आणि माझ्या कामाचा नाही?”

ते सत्काराची तयारी बघायला निघून गेले.

हॉल भरला होता. अध्यक्ष यज्ञेश्वरकाकांनी शाल घातली, नारळ दिला, तोंडभरून कौतुक केलं. मी माईक पुढे ओढला.

“पेपरातली बातमी खोटी आहे. मी मोजलेल्या ताऱ्यांत मला काहीही फरक सापडला नाही.”

कुजबुज सुरू झाली. काका कसंनुसं हसले. “मग सत्कार कशाचा करायचा, केतकी?”

“मोजल्याचा! नियम सगळीकडे सारखे, हे तुम्ही धरून चालता. मी तपासून सांगतेय. शाल त्या बातमीची असेल, तर ही घ्या परत.”

मी शाल काढून पुढे धरली. काकांनी शाल खरंच घेतली. बाबांकडे मी मुद्दामच बघितलं नाही.

तेवढ्यात तेच माईकपाशी आले.

“बातमी मी दिली होती,” ते म्हणाले. “काही सापडलं नाही, हे हिने मला आधीच सांगितलं होतं. मला ते कमी वाटलं. आता मला सेक्रेटरी ठेवायचं की नाही, तुम्ही बघा.”

एकही टाळी वाजली नाही. बाबा खाली उतरून पहिल्या रांगेत बसले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, “आता सांग, कसं मोजलंस?”

घरी त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं.